वजनकाटा, कॅमेरा, हजेरी, ऑफिस: कारखान्यातली सगळी घड्याळं एका वेळेवर कशी आणायची

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम कारखान्यातून मालाचा ट्रक बाहेर पडतो, तेव्हा त्याची नोंद निदान चार ठिकाणी होते. वजनकाट्याच्या संगणकावर पावती निघते, ऑफिसमध्ये बिल आणि ई-वे बिल तयार होतं, गेटवरचा कॅमेरा ट्रक टिपतो आणि वॉचमन रजिस्टरमध्ये वेळ लिहितो. माल कमी आल्याची तक्रार झाली की या चारही नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. पावतीवर वेळ असते सहा वाजून दहा मिनिटं, आणि कॅमेऱ्यात ट्रक पाच बावन्नलाच गेटबाहेर गेलेला असतो. वजन व्हायच्या आधीच माल बाहेर! वॉचमन सांगतो, "साहेब, त्यो कॅमेरा पयल्यापास्नं मागंच हाय." त्याला माहीत असतं, पण ते कुठे लिहिलेलं नसतं, आणि नेमकं किती मागे तेही कुणी मोजलेलं नसतं.

हा लेख अशा जागांसाठी आहे: पंधरा-वीस संगणक, एक-दोन एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी यंत्रं), हजेरीची यंत्रं, एखादा पीएलसी (मशीन चालवणारा छोटा नियंत्रक), आणि हे सगळं सांभाळणारा एकच माणूस. उद्यमनगरातलं मशीन शॉप असो, गोकुळ शिरगावची फाउंड्री असो की लक्ष्मीपुरीतली पतसंस्था, पद्धत तीच. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. प्रत्येक यंत्राला सुटं सुटं इंटरनेटवर वेळ विचारायला लावू नका. आवारात एक घड्याळ नेमा, ते राष्ट्रीय वेळेला बांधा आणि बाकी सगळ्यांना त्याच्याकडेच विचारायला लावा.

आज्ञा आणि सर्व्हरचे पत्ते खाली उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टाइप करताना ते रोमन लहान अक्षरांत टाकायचे.

घड्याळ मुळात चुकतं का

मदरबोर्डवर, कॅमेऱ्यात, हजेरीच्या यंत्रात वेळ मोजणारा एक छोटा क्वार्ट्झ स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो असं धरून यंत्र सेकंद मोजतं. स्वस्त स्फटिकात दहा लाखांत वीस भागांची चूक सहज असते. ऐकायला किरकोळ, पण दिवसाला ती पावणेदोन सेकंदांच्या आसपास जाते, महिन्याला पाऊण मिनिटाच्या पुढे. वर उष्णता. हे स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत बरोबर चालतात आणि तापमान त्यापासून जितकं दूर जाईल तितके मागे पडतात. भट्टीजवळच्या पॅनेलमध्ये ४५ अंश असतील तर नुसत्या उष्णतेमुळे दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास घट येते. म्हणून फाउंड्रीत एकाच दिवशी हाताने जुळवलेली ऑफिसची आणि शॉप फ्लोअरची घड्याळं दिवाळीपर्यंत एकमेकांना ओळखत नाहीत. हाताने लावणं हा उपाय नव्हेच.

यावरचा जुना आणि पक्का उपाय म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे एनटीपी. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी तो उभा केला. पहिलं तपशीलपत्र १९८५ चं, आज चालते ती चौथी आवृत्ती २०१० ची. युक्ती सोपी आहे. आपलं यंत्र प्रश्न पाठवताना वेळ टिपतं, सर्व्हर प्रश्न मिळाल्याची आणि उत्तर पाठवल्याची वेळ टिपतो, आणि उत्तर पोचताच आपलं यंत्र पुन्हा वेळ टिपतं. या चार आकड्यांतून रस्त्यात गेलेला वेळ आणि घड्याळातला फरक, दोन्ही निघतात. यात एक गृहीत असतं: जायला आणि यायला सारखाच वेळ लागला. तो सारखा नसेल तर तफावतीच्या निम्मी चूक घड्याळात उतरते. मोबाइल डोंगलवर किंवा गर्दीच्या वायरलेस जोडणीवर ही तफावत मोठी असते, आवारातल्या केबलवर जवळजवळ नसते. एकच अंतर्गत घड्याळ ठेवण्यामागचं अर्धं कारण हे आहे. उरलेलं अर्धं पुढे पुराच्या निमित्ताने येईल.

आधी फेरी मारा, काही बदलू नका

हातात मोबाइल घ्या. त्यात स्वयंचलित वेळ चालू असू द्या आणि सेकंद दिसतील असं घड्याळ उघडा. एवढ्या कामाला तो पुरेसा आहे. आता प्रत्येक यंत्रापाशी जाऊन मोबाइल आणि यंत्राचा पडदा एकाच फोटोत घ्या. कॅमेऱ्यांसाठी मोबाइलचा पडदा कॅमेऱ्यासमोर धरा, म्हणजे चित्रणातच खरी वेळ आणि वर छापलेली वेळ दोन्ही येतात. हा पुरावा जपून ठेवा.

वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा: यंत्र, जागा, आयपी पत्ता, फरक पुढे की मागे, टाइम झोन कोणता, एनटीपीची सोय आहे का. ही फेरी टाळून थेट दुरुस्तीला हात घालू नका. घड्याळ एकदा सुधारलं की जुन्या चित्रणातली चूक किती होती हे परत कधीच कळणार नाही. मागच्या पंधरा दिवसांतला एखादा प्रसंग उद्या चौकशीला आला, तर "त्या तारखेला हा कॅमेरा १८ मिनिटं मागे होता" हे फोटोसह सांगता आलं पाहिजे.

फरकाचा आकडा पाहिला की बहुतेक वेळा रोगही कळतो. बरोबर साडेपाच तास मागे असेल तर यंत्र जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर आहे. अडीच तास पुढे असेल तर टाइम झोन बीजिंगचा आहे. चिनी बनावटीच्या एनव्हीआरमध्ये हे फार दिसतं. अर्धा तास मागे म्हणजे कुणीतरी इस्लामाबाद-कराची निवडलंय, पाव तास पुढे म्हणजे काठमांडू. बरोबर बारा तास म्हणजे एएम-पीएमची गल्लत. आणि तारीखच काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. टाइम झोनची चूक एनटीपीने सुधारत नाही. एनटीपी नेहमी यूटीसीच पाठवतो, त्यात साडेपाच तास मिळवण्याचं काम यंत्राचं. त्यामुळे पहिली दुरुस्ती सगळीकडे एकच: टाइम झोन यूटीसी अधिक ५:३०, आणि डेलाइट सेव्हिंग बंद.

साडेपाच तासांचा हा आकडा ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून आला आहे. कोल्हापूर ७४.२४ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर पंचगंगेच्या घाटावर सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळातल्या बारानंतर साधारण ३३ मिनिटांनी, वर्षभरात थोडा मागेपुढे. आपण सगळे ठरवून एका दूरच्या रेघेची वेळ पाळतो, आणि ती रेघ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, आपल्या आण्विक घड्याळांवर सांभाळते.

वेळ कुणाकडून घ्यायची

भारतात याचं उत्तर आवडीनिवडीवर सोडलेलं नाही. सायबर सुरक्षा सांभाळणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपली घड्याळं एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायची आहेत. त्याच निर्देशांत यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवणं आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणं हेही आहे. वेळ चुकलेल्या नोंदी १८० दिवस ठेवून तपास करणाऱ्याच्या हाती काय लागणार?

पत्ते असे: एनआयसीचे "समय१ डॉट एनआयसी डॉट इन" आणि "समय२ डॉट एनआयसी डॉट इन", एनपीएलचा "टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी". हे तिन्ही टाका. दोनच टाकू नका. दोन सर्व्हरनी वेगळ्या वेळा सांगितल्या तर खरं कोण हे ठरवायला तिसरा लागतो. आणि यांच्यात गूगलचा टाइम सर्व्हर मिसळू नका. लीप सेकंद, म्हणजे जागतिक वेळेत मधूनच घातला जाणारा जादा सेकंद, आला की गूगल तो एक सेकंद दिवसभरात पसरवून देतो, बाकीचे एकदम घेतात, त्यामुळे त्या दिवशी दोघांची उत्तरं जुळत नाहीत. शेवटचा लीप सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या तोंडावर आला होता.

आवारातलं मुख्य घड्याळ

खरं काम इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

मुख्य घड्याळ म्हणून कोणतं यंत्र घ्यायचं? मायक्रोटिकसारखा राउटर हे काम करतो. त्याच्या राउटरओएस या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत एनटीपी सर्व्हर आतच असतो. पण अशा बहुतेक राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली आणि इंटरनेट मात्र आलं नाही, तर राउटर चुकीच्या तारखेवर उठतो. रास्पबेरी पायचंही तसंच: चौथ्या आवृत्तीपर्यंत घड्याळच नाही, पाचव्यात आहे पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते. व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे दुसऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावर, हे काम टाकू नका, तिथे वेळ खालच्या यंत्राच्या मर्जीवर चालते. माझी पसंती ऑफिसात धूळ खात पडलेल्या एखाद्या जुन्या छोट्या संगणकाला आहे. त्यात नवी बॅटरी घाला, त्यावर लिनक्स टाका, यूपीएसला जोडा, आयपी पत्ता कायमचा ठरवून द्या, समजा १९२.१६८.१.१०. जागा भट्टीपासून आणि कंप्रेसरपासून लांब, शक्यतो थंड खोलीत.

लिनक्सवर "क्रोनी" नावाचा प्रोग्राम बसवा. त्याच्या मांडणीच्या फाइलमध्ये आधीपासून असलेल्या सर्व्हरच्या ओळी काढून या घाला. प्रत्येक पत्त्यासाठी एक ओळ: "सर्व्हर", मग पत्ता, मग "आयबर्स्ट". शेवटच्या शब्दाने सुरुवातीला एकदम अनेक प्रश्न जातात आणि वेळ लवकर जुळते. मग "मेकस्टेप १ ३": सुरू झाल्यावर पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एका सेकंदाहून मोठा असेल तर उडी मारून जुळव, त्यानंतर मात्र हळूहळू सरकव. मग "आरटीसीसिंक", म्हणजे बॅटरीवरचं घड्याळही सुधारत राहतं. "अलाउ १९२.१६८.१.०/२४" या ओळीने आवारातल्या यंत्रांना उत्तर द्यायची परवानगी मिळते. हीच ओळ अनेकजण विसरतात आणि मग एनव्हीआरवर चाचणी अपयशी दाखवते.

शेवटची ओळ "लोकल स्ट्रॅटम १०". आण्विक घड्याळ स्तर शून्य, त्याला थेट जोडलेला सर्व्हर स्तर एक, त्याला विचारणारा स्तर दोन, अशी ही उतरंड आहे. स्तर १६ म्हणजे वेळ जुळलेली नाही. इंटरनेट तुटलं तरी मी स्तर दहा म्हणून उत्तर देत राहीन, असं या ओळीने आपला सर्व्हर सांगतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी जोडणी किती दिवस जाईल ते कुणाच्या हातात नसतं. प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे इंटरनेटवर अवलंबून असेल तर ती सगळी आपापल्या दिशेने भरकटतात. मुख्य घड्याळ असेल तर सगळी एकत्रच, सेकंद-दोन सेकंदांनी सरकतात आणि वजनाची पावती, कॅमेरा, हजेरी यांचा आपसातला क्रम शाबूत राहतो. पाच-सहा सेकंदांची चूक सगळीकडे सारखी असेल तर चौकशीत काही बिघडत नाही. क्रम बिघडला की सगळं बिघडतं.

क्रोनी पुन्हा सुरू करा, दहा मिनिटं थांबा आणि "क्रोनीसी सोर्सेस" ही आज्ञा द्या. ज्या ओळीपुढे तारा आहे तो सर्व्हर निवडलेला, अधिक चिन्हवाले सोबतीला, एक्स असलेला चुकीची वेळ सांगणारा, प्रश्नचिन्ह म्हणजे पोचच नाही. "रीच" या स्तंभात ३७७ दिसलं तर शेवटच्या आठही प्रश्नांना उत्तर मिळालं आहे. सगळीकडे शून्य दिसत असेल तर एनटीपी ज्या वाटेने जातो तो यूडीपी १२३ पोर्ट अडला आहे. फायरवॉलमध्ये फक्त या एका संगणकाला बाहेर जायला तो उघडा. बाहेरून आत येणारा १२३ मात्र बंदच ठेवा. २०१३-१४ मध्ये असे उघडे एनटीपी सर्व्हर वापरून तिसऱ्यांवर प्रचंड हल्ले झाले होते. आपला सर्व्हर त्या कामी येता कामा नये.

विंडोजचे संगणक

डोमेन, म्हणजे सगळ्या संगणकांचं लॉगिन मध्यवर्ती सर्व्हरवरून सांभाळणारी सोय, असेल तर सुट्या संगणकांना हात लावू नका. ते डोमेन कंट्रोलरकडून वेळ घेतात, आणि त्यांच्यातला पीडीसीची भूमिका असलेला कंट्रोलर सगळ्यांचा मुख्य. त्या एकालाच आपल्या १९२.१६८.१.१० शी जोडा. डोमेनमध्ये फरक पाच मिनिटांपलीकडे गेला की लॉगिनच अडतं, कारण लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉस या पद्धतीची मूळ मर्यादा तेवढीच आहे. "पासवर्ड बरोबर आहे तरी आत घेत नाही" या तक्रारीत आधी घड्याळ बघा.

डोमेन नसेल, आणि छोट्या ऑफिसात बहुधा नसतंच, तर कंट्रोल पॅनेलमधल्या डेट अँड टाइमच्या इंटरनेट टाइम या टॅबवर जाऊन सर्व्हरच्या जागी मुख्य घड्याळाचा आयपी टाका आणि अपडेट नाऊ दाबा. पण एवढ्यावर सोडू नका. एक, विंडोज टाइम ही सेवा सर्व्हिसेसमध्ये स्वयंचलित करून ठेवा. दोन, जुन्या विंडोजमध्ये असा संगणक आठवड्यातून एकदाच वेळ विचारतो. रजिस्ट्रीत डब्ल्यू३२टाइम, टाइमप्रोव्हायडर्स, एनटीपीक्लायंट या वाटेने "स्पेशलपोलइंटरव्हल" शोधा आणि डेसिमल निवडून ३६०० लिहा. डेसिमल न निवडता लिहिलं तर तोच आकडा हेक्साडेसिमल समजला जातो आणि तासाऐवजी जवळजवळ चार तास होतात. तीन, फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असेल तर सुटा विंडोज संगणक दुरुस्ती नाकारतो. बॅटरी संपून तारीख मागे गेलेल्या संगणकावर आधी हाताने तारीख लावा, मग जुळवा.

खात्री करायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून "डब्ल्यू३२टीएम", मग "/क्वेरी", मग "/स्टेटस" अशी आज्ञा द्या. सोर्ससमोर आपला आयपी दिसला पाहिजे. "लोकल सीमॉस क्लॉक" दिसत असेल तर वेळ जुळत नाही, पडद्यावर ती कितीही बरोबर दिसो.

डीएचसीपीच्या (यंत्रांना आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सोयीच्या) ४२ क्रमांकाच्या पर्यायातही मुख्य घड्याळाचा पत्ता घालून ठेवा. आयपी फोन आणि काही प्रिंटर तो आपणहून उचलतात. विंडोज त्याकडे बघत नाही, म्हणून वरची मेहनत चुकत नाही.

कॅमेरे आणि एनव्हीआर

इथे दोन घड्याळं असतात हे अनेकांच्या लक्षात येत नाही. चित्रावर छापलेली वेळ बहुधा कॅमेऱ्याची असते, आणि शोधताना खाली दिसणारी पट्टी एनव्हीआरची. ही दोन जुळली नाहीत तर सहा दहाचं चित्रण शोधल्यावर पडद्यावर पाच बावन्न उमटतं. कॅमेरे थेट एनव्हीआरच्या मागच्या पीओई (केबलमधूनच वीज देणाऱ्या) पोर्टमध्ये असतील तर ते एनव्हीआरकडूनच वेळ घेतात, एनव्हीआरला १९२.१६८.१.१० दिला की बहुधा काम झालं. कॅमेरे वेगळ्या स्विचवर असतील तर प्रत्येकाच्या वेब पानावर जाऊन एनटीपी चालू करा आणि तोच पत्ता द्या. विचारण्याचं अंतर ६० मिनिटं पुरे. झाल्यावर मोबाइल समोर धरायची चाचणी पुन्हा करा आणि तेच चित्रण एनव्हीआरवर शोधून दोन्ही वेळा ताडा.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असं चित्रण न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. चित्रणातली वेळ चुकलेली असेल तर समोरचा वकील पहिला बोट तिथेच ठेवतो. फेरीत काढलेले फोटो तेव्हा उपयोगी पडतात.

हजेरी, वजनकाटा, पीएलसी

अनेक बायोमेट्रिक यंत्रांत एनटीपीची सोय नसते. ती हजेरीच्या सॉफ्टवेअरकडून, म्हणजे ज्या संगणकावर ते बसवलंय त्याच्याकडून वेळ घेतात. तो संगणक आधी जुळवा, मग सॉफ्टवेअरमधून यंत्राची वेळ जुळवा आणि रोज आपोआप जुळवण्याची सोय असेल तर ती चालू करा. या यंत्राकडे मी काटेकोरपणे बघतो. यंत्र सहा मिनिटं पुढे असेल तर वेळेवर आलेल्या कामगाराला उशिराचा शेरा बसतो, आणि त्याच्या हाती काहीच पुरावा नसतो. शिफ्टच्या दोन्ही गेटांवर दोन यंत्रं असतील तर ती एकमेकांशीही जुळली पाहिजेत.

वजनकाट्याचा संगणक बहुधा नेटवर्कबाहेर असतो, कारण काटेवाल्याने तो तसा दिलेला असतो. एक केबल ओढून त्याला फक्त मुख्य घड्याळापर्यंत जाऊ द्या, इंटरनेट देऊ नका. सीमेन्सच्या एस७-१२०० सारख्या पीएलसीमध्ये एनटीपी असतो. तो हार्डवेअरच्या मांडणीत चालू करून प्रोग्राम पुन्हा उतरवावा लागतो, म्हणून ते काम मेंटेनन्सच्या बंद काळात करा.

दुरुस्तीचा दिवस आणि नंतर

मागे असलेलं घड्याळ पुढे नेणं सोपं. पुढे असलेलं मागे आणलं की तीच मिनिटं दोनदा येतात: दोन बिलांचा क्रम उलटतो, हजेरीत बाहेर जाणं आत येण्याच्या आधी लागतं. म्हणून असं यंत्र साप्ताहिक सुट्टीला, दिवसाचे व्यवहार बंद करून आणि बॅकअप घेऊन दुरुस्त करा. आधी मुख्य घड्याळ, मग संगणक, मग एनव्हीआर, शेवटी हजेरी, आणि प्रत्येकासमोर दुरुस्तीपूर्वीचा फरक आणि दुरुस्तीची वेळ वहीत लिहा.

पुढे महिन्यातून एकदा मोबाइल घेऊन तीच फेरी मारा. संगणकांत आणि सर्व्हरमध्ये फरक डोळ्यांना दिसताच कामा नये. कॅमेऱ्यांत दोन सेकंदांपर्यंत मी चालवून घेतो, बायोमेट्रिकमध्ये पाच. त्यापुढे गेलं तर त्या यंत्राची जोडणी तपासा. जोडणी ठीक असून दर महिन्याला तेच यंत्र वर येत असेल तर त्याची बॅटरी बदला, आणि तरीही येत राहिलं तर ते पॅनेल उघडून आत किती तापतंय ते बघा.